धावेची मालकीण

चंद्राबाई येण्याआधी तिचा आवाज यायचा. "वांगे पाहा, मेथी पाहा, अन् मंग भावाचं बोला!" अशी आरोळी वाशीमच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उठली की पाचसहा घरांतल्या बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या. भाजी हवीच असायची, पण खरं सांगायचं तर आम्हांला चंद्राबाई हवी असायची. तिच्याकडे रोज काहीतरी घडलेलं असे. बैल उधळलेला, भावजयीशी वाजलेलं, मिरचीला पहिलं फूल आलेलं. सगळं ती एकाच जोशात सांगायची. फुलाची बातमी देताना तर चेहरा असा करायची की घरात पोर जन्मलं असं वाटावं.

मी तेव्हा अमरावतीहून नव्यानं आलेली, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, एका खोलीत एकटी राहणारी. पहिल्याच दिवशी मी शहाणपणानं विचारलं, "वांगी ताजी आहेत ना?"

चंद्राबाईनं टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "मास्तरीनबाई, आज तुमाले वांगे देत नाई. ऐतवारी शाळेले सुट्टी ना? माह्यासंगं चाला. झाडावरून तोडून देतो. मंग इचारा ताजे हायेत का म्हनून."

मला वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. रविवारी उजाडताच बाई खरोखर दारात उभी! मी वेणीसुद्धा घातली नव्हती.

मळा गावाबाहेर दोन वावरं ओलांडून होता. तो तिच्या बापाचा, सोनाजीबुवांचा. त्यांनी तरुणपणी बारा वर्षं दुसऱ्याची मोट हाकली, मग हा पडीक तुकडा विकत घेतला आणि विहीर स्वतःच्या हातांनी खणली. किसन थोरला, महादू मधला आणि चंद्राबाई शेंडेफळ. लग्न होऊन ती गावातच पडली होती. नवरा गणपत जिनात कापसाचे बोजे उचलायचा; बायको बोलत असली की तो नुसता मान हलवायचा, आणि ती सदैव बोलतच असायची. पण लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी बापाच्या मळ्यातली पहाटेची पहिली मोट चंद्राबाईच हाकत असे.

बाईमाणसाला मोट हाकताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. विहिरीच्या काठापासून बैलांसाठी उताराची लांब वाट केलेली असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली उतरत गेले की पाण्यानं भरलेली चामड्याची मोट वर येते आणि थारोळ्यात, काठावरच्या दगडी हौदात, रिकामी होते. मग तेच बैल उलट्या पावलांनी, मागे न बघता, धाव चढून परत विहिरीपाशी येतात. चंद्राबाई मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, नाड्यावर बसायची आणि बैलांबरोबर झपकन खाली जायची. पदर कमरेला खोचलेला, तोंडानं बैलांशी भांडण चालू. एका बैलाचं नाव चित्र्या. दुसऱ्याचं कारभारी, कारण तो तिच्या मते नवऱ्यासारखा गप्प होता.

"पाहा आता गंमत!" असं म्हणून तिनं मलाही एकदा नाड्यावर बसवलं. मी किंचाळले. चौदा मुलींच्या वर्गाला शिस्त लावणारी मी, थारोळ्यात पडता पडता वाचले! सोनाजीबुवा बाजेवर बसून हसत होते.

"पाहा आता गंमत" हे तिचं पालुपद होतं. काही अवघड करायचं असलं की ती आधी हे म्हणायची, आणि आम्ही बायका सरसावून पुढं व्हायचो, कारण आता काहीतरी होणार हे नक्की असे.

त्याच उन्हाळ्यात तो नवा कायदा झाला. माझ्या समोरच राहणाऱ्या वकीलसाहेबांच्या ओट्यावर मी पेपरातलं वाचून दाखवत होते: बाप काही लिहून न ठेवता गेला, तर त्याच्या मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा. बायकांत ही खळबळ! कुणी हसली, कुणी तोंडाला पदर लावला. चंद्राबाई मेथीच्या जुड्या लावत होती. तिनं मान वर केली नाही. "बाप जिता हाय," ती म्हणाली. "जित्या मानसाचे वाटे करतेत काय कोनी?" आणि विषय तिथेच मोडला.

थंडीत सोनाजीबुवा गेले. सकाळी उठून बाजेवर बसले आणि बसल्या जागी कलंडले. कागद, मृत्युपत्र असलं काही त्या घराला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या दिवशी राख सावडली. चौथ्या दिवशी पहाटे चंद्राबाई नेहमीसारखी मोटेवर गेली, तर किसन धावेवर उभा होता. म्हणाला, "आता तुले कायले तरास? बाप होता तवर ठीक होतं. आमचं आमी पाहून घेऊ. सनावाराले येत जा, लुगडं-चोळी भेटन."

त्या दिवशी ती माझ्या दारात आली तेव्हा आरोळी नव्हती. टोपली रिकामी होती. ती उंबऱ्यावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही, आणि चंद्राबाई बोलत नाही म्हणजे काय भयंकर असतं ते मला त्या दिवशी समजलं.

"मास्तरीनबाई," ती शेवटी म्हणाली, "बाप मेला ते समजलं. पन मळा कसा काय मेला वं माहा?"

मला रडूच आलं. तिला मात्र आलं नाही. तिनं पदरानं माझेच डोळे पुसले आणि एकदम ताठ बसून विचारलं, "तुमी त्या दिवशी पेपरात काय वाचून राह्यल्या होत्या?"

पुढचे आठ दिवस काय धमाल होती सांगू! चंद्राबाई आता दुसऱ्याच्या मळ्यातली भाजी विकत घेऊन विकू लागली. बायकांनी विचारलं की सरळ सांगायची, "ताजी हाय का मले माहीत नाई. म्या झाड पाह्यलं नाई." पण वकीलसाहेबांच्या घरची जुडी ती पैसे न घेता द्यायची आणि त्या बदल्यात एक प्रश्न विचारायची. एका जुडीला एक प्रश्न. वकीलसाहेब दाढी करत असत, ती मागच्या दारातून ओरडे, आणि ते साबणाच्या फेसातून उलट तिलाच विचारत. पहिल्या दिवशी: जमीन वाडवडिलांची की सोनाजीनं स्वतः घेतलेली? स्वतः घेतलेली. दुसऱ्या दिवशी: आई आहे? नाही, ती कधीच गेली. तिसऱ्या दिवशी: काही लिहून ठेवलं आहे? त्यांना अक्षरच येत नव्हतं.

"मग तिघांना सारखं," वकीलसाहेब म्हणाले. "दोन भाऊ, एक तू. तिसरा वाटा तुझा."

तराजू हातातून पडल्याचा आवाज मी समोरच्या घरात ऐकला. मी धावत गेले. चंद्राबाई अंगणात उभी होती, आणि अख्खी गल्ली तिच्या भोवती. "सारखं म्हनले," ती सगळ्यांना सांगत होती. "सारखं!"

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न तिनं दोन जुड्या देऊन विचारला, कारण तो मोठा होता. आमच्याकडे बापाच्या तेरवीला भाऊ बहिणीला लुगडं देतात. ते तिनं सगळ्यांसमक्ष घेतलं की माहेरच्या वावराशी तिचा संबंध संपला, असं सगळे धरून चालतात. तोंडानं कुणी तसं म्हणत नाही, आणि म्हणूनच ते मोडता येत नाही. "तं साहेब, लुगडं घेतलं त हक्क जाते काय?"

"लुगड्यानं काही जात नाही. कुठे अंगठा देऊ नकोस म्हणजे झालं."

"पाहा आता गंमत," चंद्राबाई म्हणाली.

तेरवीला मी नव्हते, पण मी नव्हते असं मला आजही वाटत नाही, कारण संध्याकाळी तिनं माझ्या खोलीत सगळी तेरवी उभी केली. माझी उशी म्हणजे किसन, पाण्याचा गुंड म्हणजे महादू. जेवणं झाली. जातीतली बुजुर्ग मंडळी सतरंजीवर बसली. किसननं हिरवं लुगडं पुढं केलं. हिनं ते घेतलं, कपाळाला लावलं, खांद्यावर टाकलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग ही म्हणाली, "दादा, हे बहीन म्हनून घेतलं. आता लेक म्हनून माहा जो वाटा हाय, तो पटवाऱ्यापुढं सांगजा."

"मंग?" मी ओरडलेच.

"मंग काय! किसनदादाचा हात तसाच." तिनं उशीचा कोपरा हवेत धरून दाखवला. "वहिनी म्हने, लुगडं वापस कर. म्या म्हनलं, काहून? ते त माहंच हाय!" आणि ती इतकी हसली की खालून घरमालकीण विचारायला आली. हसता हसता मध्येच तिनं उशी हलकेच थोपटून जागेवर ठेवली, तेही मी पाहिलं. भाऊ होते ते तिचे. महादूला तिनं कडेवर खेळवलं नव्हतं, पण त्यानं तिला खेळवलं होतं.

चावडीवर मात्र मी गेले, शाळेची मधली सुट्टी गाठून. पटवारी जुने, चष्म्याला दोरा बांधलेले. वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता, पण पटवाऱ्यांच्या बैठकीत काही फरक पडला नव्हता. त्यांनी किसन आणि महादू ही दोन नावं शिसपेन्सिलीनं आधीच लिहून ठेवली होती. तिसरं नाव घालायचं म्हटल्यावर ते दोनदा चष्मा पुसून वकीलसाहेबांची चिठ्ठी वाचत राहिले. शेवटी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: "किसन वल्द सोनाजी. महादू वल्द सोनाजी. चंद्रभागा जौजे गणपत."

"थांबा," चंद्राबाई म्हणाली. "भावायच्या नावापुढं बाप, अन् माह्या नावापुढं नवरा? बाप कुठी गेला माहा?"

"लग्न झालेल्या बाईपुढं जौजेच येते, बाई. तशी पद्धत हाय."

"वावर काय गनपतनं घेतलं? त्यायलेच इचारा, तिथं बसले हायेत. विहीर कोन्या अंगानं हाय तेबी त्यायले माहीत नाई."

कोपऱ्यातल्या गणपतनं प्रामाणिकपणे मान हलवली. सगळी चावडी हसली, पटवारीसुद्धा. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि त्या इवल्याशा रकान्यात, नवऱ्याच्या नावाच्या डोक्यावर, मुंगीसारख्या अक्षरांत लिहिलं: मुलगी सोनाजी. चंद्राबाईला वाचता येत नव्हतं. तिनं मला बोलावलं. मी वाचून दाखवलं, तेव्हा तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओली शाई बोटाला लागली. दोन दिवस तिनं ते बोट धुतलं नाही.

आता प्रत्यक्ष वाटे पाडायचे होते. इथे किसनची चूक झाली, आणि ती अशी की आजही आठवली तरी मला टाळी वाजवावीशी वाटते.

आमच्या भागात रीत आहे: थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. किसननं आठ दिवस दोरी घेऊन मळा मापला. पहिला वाटा वांग्या-मिरच्यांचा, काळीभोर माती. दुसरा मेथी-पालकाचा आणि केळींच्या रांगेचा, तोही तसाच. तिसऱ्यात त्यानं सगळी अडगळ कोंबली: दगडांची रास, लिंबाच्या झाडाची सावली, बांधाकडचा मुरूम. तरीही मापात तो वाटा पुरा भरेना, म्हणून त्यानं धावही त्यात मोजली. धावेवर गवताची काडी उगवत नाही. तिला जमीन कुणी म्हणतच नाही, ती विहिरीचाच भाग असं जन्मभर धरून चाललेलं. मापात बरोबर, पिकात काही नाही. धाकटा महादू आधी उचलेल, मग आपण, आणि उरलेला बहिणीला, असा त्याचा हिशेब होता.

रविवारी सकाळी अर्धा गाव मळ्यात. गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका एका रांगेत. वकीलसाहेब छत्री घेऊन. जातीतले म्हातारे पाटील बाजेवर बसले आणि म्हणाले, "चाला. धाकट्यानं उचला."

महादू पुढं झाला. आणि चंद्राबाई म्हणाली, "महादूदादा, तू कायले जाऊन राह्यला? धाकटी त मी हावो."

किसनचं तोंड उघडं राहिलं. इतकी वर्षं ही रीत चालली होती, पण मोजताना लेक कुणी धरलीच नव्हती, म्हणून धाकटं कोण हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तो पाटलांकडे पाहू लागला. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "रीत त रीत हाय," ते म्हणाले. "उचल बाई."

आम्ही सगळ्या मनातल्या मनात ओरडत होतो: वांग्यांचा घे! वांग्यांचा! महादूच्या बायकोनं तर डोळे मिटून घेतले.

चंद्राबाई पहिल्या वाट्यापाशी गेली, एक वांगं हातात धरून सोडून दिलं. दुसऱ्यापाशी गेली, केळीच्या पानावरून हात फिरवला. मग सरळ चालत विहिरीपाशी आली, चपला काढल्या आणि धावेच्या मधोमध मांडी घालून बसली.

"हे माहं."

लोक हसले. पहिल्यांदा किसनही हसला, अगदी पोटभर. "भोळी हाय," कुणीतरी म्हणालं. मग हळूहळू किसनचं हसू थांबलं. त्यानं विहिरीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग वांग्यांकडे. विहीर सामाईक होती, पाणी सामाईक होतं. पण बैल चालायचे त्या वाटेवर बहीण बसली होती, आणि त्या वाटेशिवाय मळ्यातलं एक पान हिरवं राहणार नव्हतं. हे सगळ्यांच्या लक्षात यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ चंद्राबाई शांतपणे पायातला काटा काढत होती.

"हे कोर्टात टिकणार नाही हं," वकीलसाहेब माझ्या कानात म्हणाले, पण त्यांचे डोळे चमकत होते. चंद्राबाईनं ऐकलंच. "कोर्टात कोन जाते, साहेब? उद्या सकाळी वांगे सुकतीन. कोर्टाची तारीख कवा भेटन?"

महादू धावेपाशी येऊन उकिडवा बसला. "चंद्रे, आमचं पानी तोडशीन?"

"तोडाचं असतं त ही धाव कोन्या परक्याले देऊन गेली असती." "दादा, वांग्याचं वावर घेतलं असतं त दोन वर्सांत तुमीच म्हनले असते, बाई, तुह्यानं होत नाई, आमाले देऊन टाक. अन् म्या दिलंबी असतं. मले भाजी नोको. मले रोज सकाळी इथं याचं हाय. पहिली मोट माही. तुमी दोघंबी त्या टायमाले इथं पाह्यजे. बस."

दुसऱ्या दिवशी पहाटे किसननं बैल जुंपून धावेच्या तोंडाशी उभे केले आणि तो बाजूला झाला. हे मला महादूनं सांगितलं. चंद्राबाईनं मात्र त्या सकाळचं वर्णन कधीच केलं नाही, आणि तिनं वर्णन केलं नाही अशी ती एकच गोष्ट. त्या दिवशी गल्लीत आरोळी अशी उठली की माझ्या हातातला चहा सांडला.

दोन वर्षं हे चाललं. मग माझी बदली झाली, आणि त्याच महिन्यात किसननं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. धडधड आवाज करत पाणी आपोआप वर. मोट उतरवून लिंबाला टांगली. आता धाव कुणाला लागणार होती? तिच्या वाट्याला उरली ती दगडासारखी कडक, गवत न उगवणारी उताराची पट्टी. जाण्याच्या आदल्या सकाळी मी तिला भेटायला मळ्यात गेले, आणि वाटेत तिचं सांत्वन कसं करायचं त्याची वाक्यं जुळवत गेले.

इंजिन धडधडत होतं. आणि धावेवर नांगर चालला होता. चाळीस वर्षं बैलांच्या खुरांनी तुडवलेली ती जमीन सहजासहजी फुटत नव्हती. किसन नांगरावर अंगाचा भार टाकून, महादू पुढं पहारीनं ढेकळं उकरत, आणि चंद्राबाई चित्र्या-कारभारीच्या तोंडाशी, नेहमीसारखी भांडत. पाण्यासाठी तिची गरज आता कुणाला नव्हती. तरी दोघे भाऊ तिची जमीन फोडायला घामाघूम झाले होते.

बैल धावेच्या तळाशी पोचले आणि, सवयच ती, थांबून उलट्या पावलांनी मागे चढू लागले. नांगर उखडला, किसन मागच्या मागे ढेकळांत बसला. मग महादू हसला, मग किसन, मग चंद्राबाई. तिघं त्या फुटलेल्या धावेवर बसून पोटं धरून हसत होती. माझी सगळी जुळवलेली वाक्यं मी विसरले.

किसननं डोळे पुसले, कपडे झटकले आणि तो पुन्हा नांगराला हात घालत बहिणीवर खेकसला, "हसून काय राह्यली वं? बैलं धर. तुह्या वावरात काय पेराचं ते त सांग!"